जास्तीची खिडकी

“वहिनी, तुमच्याकडे जास्तीची खिडकी आहे का?”

गमरेभाऊंनी आमच्या दारात उभं राहून मला हे विचारलं. कढीपत्त्याची दोन पानं मागावीत तसा साधा सूर. मी कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आले होते. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

“किसणी?”

“खिडकी,” ते म्हणाले. “चौकटीसकट असली तर बरं.”

कुणाच्या घरी जास्तीचा पाट असतो, जास्तीची कढई असते, फार तर एखादी खाट. जास्तीची खिडकी कुणाकडे असते? पण गंमत अशी की माझ्याकडे होती. म्हणजे माझ्या माहेरी होती. ती कशी होती आणि तिचं पुढे काय झालं, हे सांगायचं तर आधी भाऊ सांगायला हवेत.

अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये गमऱ्यांची आणि आमची भिंत एक होती. माझे यजमान अकाउंट्समध्ये, भाऊ टूल-रूममध्ये. टूल-रूम म्हणजे कामगारांना हत्यारं देण्याची खोली. तिला एक बुटकी खिडकी. बाहेरच्याने आपलं पितळी टोकन आत टाकायचं आणि पान्हा, ड्रिल, काय हवं ते घेऊन जायचं. भाऊ ते टोकन त्या हत्याराच्या खिळ्याला अडकवत. हत्यार परत आलं की टोकन परत. भाऊ उंच, खिडकी बुटकी. उभा जन्म त्या खिडकीतून बोलण्यात गेल्यामुळे त्यांना वाकून बोलायची सवय लागली होती. रस्त्यात भेटले, समोर मोकळं मैदान असलं, तरी मान खाली घालून, जरा पुढे झुकून विचारायचे, “काय वहिनी, बरं हाय ना?”

घरातही तोच कारभार. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीच्या बाजूला भिंतीवर खिळ्यांची एक रांग. त्यांच्याकडचं काही न्यायचं तर आपलं काहीतरी त्या खिळ्याला टांगून जायचं. मी लग्न होऊन नवी आले, तेव्हा जाळी काढायला त्यांची शिडी मागितली. भाऊ म्हणाले, “टोकन टाका.” मला कळेना. आतून सुमनताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, हसायला लागल्या. “अगं, काहीतरी ठेव त्यांच्यापाशी. ते ऐकायचे नाहीत.” माझ्या हातात लाटणं होतं, तेच दिलं. त्याला त्यांनी सुतळी बांधली आणि खिळ्याला अडकवलं. शिडी परत करायचा मी कंटाळा केला आणि रात्री आमच्या घरी भाताशिवाय काही शिजलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी पोचती केली. लाटणं पुसून परत मिळालं.

मला चौकशा करायची खोड आहे. सासूबाई त्याला भोचकपणा म्हणायच्या. मी भाऊंना विचारलं, “तुमचा माणसांवर विश्वास नाही का?” त्यांना ते लागलं नाही, उलट नवल वाटलं. “विश्वास हाय म्हणूनच टोकन. विश्वास नसता तर शिडी दिली असती का?”

सुमनताई अगदी उलट. त्यांचं देणंघेणं वाटीचं. साखर, तेल, चहाची पूड, भिंतीपलीकडून वाटी यायची आणि पलीकडे जायची, आणि ती कधी रिकामी जायची नाही. माझी साखर परत करताना त्यांच्या वाटीत वर चार काजू असायचे, मी पोह्यांची वाटी परत केली की त्यात मी लिंबू ठेवायचे. सासूबाई साताऱ्याकडून आल्या की त्या घरच्या वाटीकडे जरा जपूनच बघायच्या. ते सुमनताईंना कळायचं, आणि त्या दिवसांत त्या मुद्दाम जास्त वेळा वाटी पाठवायच्या.

एकदा जयंतीच्या खिरीला त्यांना साखर कमी पडली, म्हणून माझ्याकडून दोन वाट्या नेल्या. दुसऱ्या दिवशी भाऊ साखर परत करायला निघाले, तर ताईंनी त्यांना दारातच अडवलं. भिंत एकच असल्याने मला सगळं ऐकू येत होतं.

“राहू द्या ओ ती साखर. सगळं फेडून टाकलं तर वहिनीकडे जायचं कशाला?”

“अगं, पण देणं आहे.”

“असू दे. शेजार आहे तोवर काहीतरी राहायला हवं.”

भाऊ साखर घेऊन आत वळले. पण ही दोन वाट्या साखर त्यांना दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी सलत राहिली.

क्वार्टर नोकरीपुरतं असतं. निवृत्तीच्या दिवशी ते सोडायचं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे ते विसरून राहतात. भाऊ विसरले नव्हते. कोकणातलं घर भावाभावांत वाटून एकेक खोलीचं झालेलं. तिकडे जायची सोय नव्हती. पोटाला चिमटा काढून त्यांनी बदलापूरजवळ सोनिवलीला एका शेतकऱ्याकडून दोन गुंठे जागा घेऊन ठेवली होती. आता तिच्यावर दोन खोल्या उठायला हव्या होत्या, त्याही पाच-सहा वर्षांत. नाहीतर फॅक्टरीचा माणूस येऊन कुलूप लावणार आणि हे दोघं सामान घेऊन रस्त्यावर. सुमनताईंचं मागणं फार नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर उघडायची. “मला बंगला नको गं,” त्या मला म्हणायच्या, “एक खिडकी हवी. तिच्यातून माणूस दिसलं पाहिजे.”

भाऊ बँकेत गेले तेव्हा इंग्रजीची अडचण नको म्हणून यजमानांना बरोबर नेलं. संध्याकाळी यजमान घरी आले ते हसावं की चिडावं अशा चेहऱ्याने. मॅनेजरने कागद बघितले आणि म्हणाला, जमीन बिनशेती झालेली नाही, यावर कर्ज बसत नाही. शिवाय नोकरीची वर्षं थोडी उरलीत. तरी त्याने रीत म्हणून विचारलं, “सध्या इतर काही देणं?”

“आहे,” भाऊ म्हणाले.

मॅनेजरने पेन उचललं. “कुणाचं?”

भाऊंनी यजमानांकडे बोट केलं. “यांचं. दोन वाट्या साखर.”

मॅनेजरला वाटलं हा माणूस टिंगल करतोय. त्याने पेनाला टोपण लावलं आणि पुढच्याला हाक मारली. यजमान म्हणाले, “साखर नसती तरी कर्ज मिळणार नव्हतंच. पण साखरेनं मॅनेजरचा चहा पण गेला.”

भाऊ त्यानंतर काही दिवस कुठे जाईनात-येईनात. मला त्यांची काळजी वाटायला लागली. संध्याकाळी भिंतीवरच्या खिळ्यांसमोर उभे राहायचे, नुसते बघत. आणि मग एका सकाळी ते आमच्या दारात आले आणि त्यांनी मला खिडकी मागितली.

“खिडकीचं काय करणार?” मी विचारलं.

“घर.”

“आणि बँक?”

“बँक काय करते वहिनी? पैसे देते. पैशाचं आपण काय करणार? जाऊन खिडकीच आणणार. मग मधे बँक कशाला? ज्याच्याकडे खिडकी आहे त्याच्याकडे जातो, खिडकी मागतो. ज्याच्याकडे दार आहे त्याच्याकडे दार.”

“म्हणजे फुकट?”

“फुकट कसं? उसनं.”

हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला, की बँकेतलं सगळं फर्निचर त्याच्यापुढे फिकं पडावं. उसनं आणि उधार यांतला फरक मला ठाऊक होता, पण तो मी कधी तोंडाने सांगितला नव्हता. तो भाऊंनी मूलचंदशेठला सांगितला तेव्हा मी आणि सुमनताई तिथेच उभ्या होतो.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये मूलचंदशेठचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. आम्ही दोघी कापड घ्यायला गेलो होतो, भाऊ पिशव्या धरायला. शेठ भाऊंना जुने ओळखत होते. बँकेची हकिगत ऐकून ते म्हणाले, “साईं, इतनी सी बात? पैसा मेरे से ले जा. ब्याज का देख लेंगे.”

“पैसे नको शेठ. दोन डझन बिजागऱ्या द्या. कड्या पण.”

“ले जा. उधार लिख दूँ?”

“उधार नाय. उसने.”

“ये उसना क्या होता है?”

भाऊ वाकले. समोर बुटकी खिडकी असल्यासारखे. “उधारीत तुम्ही भाव लिहिता. उसन्यात वस्तू. वाटीभर साखर नेली की वाटीभर साखर द्यायची. दोन डझन बिजागऱ्या नेल्या की दोन डझन बिजागऱ्या.”

“चाहे भाव दुगुना हो जाए?”

“झाला तर झाला.”

शेठनी दुकानातल्या पोऱ्याकडे, मग आमच्याकडे बघितलं. ते हिशेबात मुरलेले गृहस्थ. त्यांच्या डोळ्यांत तो हिशेब झालेला मला दिसला. “अरे गमरे, ये तो ब्याज से भी महँगा पड़ेगा तेरे को!”

“पडू दे. पण कर्ज नाय ना होणार.”

मूलचंदशेठ बराच वेळ हसले आणि मग बिजागऱ्या बांधायला सांगितल्या. भाऊंनी खिशातून ॲल्युमिनियमचा एक गोल बिल्ला काढून गल्ल्यावर ठेवला. पातेल्याच्या झाकणातून कापलेला, वर आकडा ठोकलेला. फॅक्टरीतलं पितळ त्यांनी कधी घरी आणलं नसतं, म्हणून बाजारात झाकण विकत घेतलं होतं. “हे टोकन. सामान परत आलं की माझं मला द्या.” शेठनी तो बिल्ला झुलेलालच्या तसबिरीखाली ठेवून दिला.

आता माझी खिडकी. बदलापूरला माझ्या वडिलांनी आणि काकांनी शेजारीशेजारी घरं बांधायला काढली होती. मधल्या भिंतीत एक खिडकी ठेवायची ठरलं होतं, दोघी जावांना बोलायला. ती सुताराने घडवली, निळा रंग झाला, आणि बांधावरून दोघा भावांचं वाजलं. भिंत बिनखिडकीची उठली आणि खिडकी माळ्यावर गेली. तिचा विषय घरात काढायची सोय नव्हती. मी भाऊंना घेऊन गेले. सगळं ऐकून वडील म्हणाले, “ने रे बाबा. माळ्यावर पडून हाय, नुस्ती कबुतरांची सोय झालीय.” भाऊंचा बिल्ला त्यांनी माझ्याकडे दिला. “तूच ठेव पोरी. मी हरवीन.”

बैलगाडीतून खिडकी सोनिवलीला गेली. तिच्या मागोमाग फॅक्टरीतल्या कुणाची लोखंडी, कुणाची रंग उडालेली, उल्हासनगरच्या पाडलेल्या बराकीतली एक सागवानी, अशा खिडक्या गोळा झाल्या. दोन दारं झाली. अजून पायाचा पत्ता नव्हता आणि प्लॉटवर ताडपत्रीखाली दारं-खिडक्या उभ्या. क्वार्टर्समध्ये चेष्टेला ऊत आला. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे. मीही म्हटलं असेल. भाऊ म्हणायचे, “तुरी नायत, पण डबा आहे.”

विटांना मात्र उपाय नव्हता. वीटभट्टीवाला उसनं ऐकायलाच तयार नाही. तेव्हा भाऊंनी फॅक्टरीच्या पतपेढीतून जेवढं निघालं तेवढं कर्ज काढलं. तो त्यांच्या मानाने मोठा पराभव होता. “विटा कर्जाच्या, खिडक्या माणसांच्या,” असं ते पुढे कायम सांगत.

रघू गवंडी कामाला आला आणि डोक्याला हात लावून बसला. एका मापाच्या दोन खिडक्या नाहीत. “काका, आधी भिंत असते, मग खिडकी.”

“माझ्याकडे खिडक्या हायत, भिंत नाय. तू खिडकीला भिंत लाव.”

आणि रघूने खरंच तशी लावली. खिडकी उभी करायची, दोरी धरायची आणि तिच्या बाजूने विटा रचत जायच्या. त्यामुळे त्या घराची कुठलीच खिडकी दुसरीच्या रांगेत नाही. बाहेरून पाहिलं तर घराने एक डोळा मिटून भुवई उडवल्यासारखं दिसतं.

एकच वस्तू भाऊंच्या हिशेबाला दगा देऊन गेली. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. कुणाकडे परमिटची काही पोती पडून होती, ती भाऊंनी वेळेआधीच उसनी आणली आणि ताडपत्रीखाली ठेवली. पावसाने ओल आत गेली आणि पोत्यांचे दगड झाले. सुमनताई त्या दिवशी माझ्यापाशी रडल्या. “ह्यांच्या उसन्याच्या नादात माझं घर व्हायचं राहणार गं.” मी त्यांना धीर दिला, पण मलाही तसंच वाटत होतं. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. भाऊंनी दुसरं सिमेंट मिळवलं, पण वाया गेलेलं पोत्याला पोतं परत केलं. आणि दगड झालेली पोती तशीच एकावर एक रचून त्यांच्या पायऱ्या केल्या. त्या पायऱ्यांवर गोणपाटाची वीण उमटलेली आहे. चढताना पायाला लागते.

निवृत्तीच्या दिवशी फॅक्टरीने हार घातला, शाल दिली. संध्याकाळी भाऊंनी क्वार्टरच्या भिंतीवरचे खिळे पक्कडीने काढले, भोकं चुन्याने बुजवली आणि चावी जमा केली. सोनिवलीच्या घराला तेव्हा प्लॅस्टर नव्हतं, दिवा नव्हता. पण छप्पर होतं आणि खिडक्या होत्या. सुमनताईंनी माझी निळी खिडकी रस्त्याच्या बाजूला घेतली होती. तिच्यापाशी चटई टाकून त्या बसल्या, आणि तिथून पुढे मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा त्या तिथेच असायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलायच्या. शेतावर निघालेल्या बायका डोक्यावरचं ओझं सावरत थांबायच्या. मला त्यांना तसं बघून फार बरं वाटायचं.

खरी मजा त्यानंतर सुरू झाली. भाऊंनी फेडायला घेतलं. पेन्शनीतून थोडं थोडं बाजूला टाकायचे, एक नवी खिडकी करून घ्यायचे, आणि टेम्पोत घालून ज्याची त्याला पोचवायचे. बरोबर पेरूची पिशवी किंवा शेवग्याच्या शेंगा, कारण वाटी रिकामी जात नाही. पण क्वार्टरमध्ये राहणारा माणूस खिडकीचं काय करणार? लोक हात जोडायचे. “भाऊ, पैसे द्या, नाहीतर काहीच नको.” भाऊ ऐकायचे नाहीत. “खिडकी नेली, खिडकी दिली. टोकन टाका.” बिल्ला घ्यायचे आणि निघायचे.

मग क्वार्टर्सच्या व्हरांड्यात नव्या कोऱ्या खिडक्या टेकून उभ्या दिसायला लागल्या. एकाने तिचं कपाटाचं दार केलं. एकाने तिच्यावर पापड वाळवले. पण एक-दोघांच्या घरात निराळंच झालं. बायको रोज येता-जाता त्या खिडकीला अडखळायची, आणि एक दिवस म्हणायची, “खिडकी आहेच आता, तर भिंतीचं बघा की.” बदलापुरात फॅक्टरीवाल्यांची दोन-तीन घरं अशी उठली. बँकेने त्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. ते भाऊंना भेटायला गेले, एवढं माहीत आहे.

सगळ्यांचं फिटत चाललं, मूलचंदशेठच्या बिजागऱ्यासुद्धा गेल्या, आमचा मात्र नंबर लागेना. माझ्याकडचा बिल्ला डब्यात तसाच. मला खिडकी नको होती, पण कारण हवं होतं. मी विचारलं की भाऊ म्हणायचे, “बघू.” आणि सुमनताई निळ्या खिडकीत बसून गालातल्या गालात हसायच्या. मी दोघांनाही खोदून खोदून विचारलं. काही हाती लागलं नाही.

मधे वर्षं गेली. वडील वारले, मी एकुलती, म्हणून आम्ही क्वार्टर सोडून बदलापूरच्या घरात आलो. घरोघरी केबल आली. आणि एका हिवाळ्यात सुमनताई गेल्या. फार दुखणं नव्हतं. मी पोचले तेव्हा निळी खिडकी उघडी होती आणि रस्त्यावर बायका ओझी खाली ठेवून उभ्या होत्या. मला त्या खिडकीकडे बघवेना.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या दारात टेम्पो थांबला. भाऊ उतरले. बरेच वाळले होते, आणि आता बुटक्या खिडकीसाठी वाकायची गरज उरली नव्हती, पाठच तशी झाली होती. त्यांनी आणि ड्रायव्हरने मिळून एक खिडकी उतरवली. तेच माप, तोच निळा. बरोबर चिंचेची पिशवी. अंगणात भिंतीला टेकवून त्यांनी तिच्यावरची धूळ आपल्या पंच्याने पुसली.

“टोकन,” ते म्हणाले.

मी डब्यातून बिल्ला आणून दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

“इतकी वर्षं का लावलीत, भाऊ?”

“तिनं सांगितलं होतं, वहिनीचं सगळ्यात शेवटी. म्हणजे जाणंयेणं राहील.” पंचा खांद्यावर टाकून म्हणाले, “शेवट आला. म्हणून आणली.”

मी चहा केला. चहा ढवळताना मला इतकं भरून आलं, की काहीतरी बोलायचं म्हणून मी चेष्टा केली. “मग आता सगळे खिळे रिकामे? सुटलात म्हणायचं.”

त्यांनी चहा संपवला, कप स्वतः विसळून पालथा घातला आणि टेम्पोत जाऊन बसले. मला वाटलं माझ्या चेष्टेने दुखावले. टेम्पो निघाला, कोपऱ्यावर वळता वळता थांबला. पुढच्या खिडकीतून भाऊंची मान बाहेर आली, तशीच, वाकून. उभ्या जन्मात वर न चढलेला आवाज काढून ते ओरडले,

“वहिनी! दोन वाट्या साखर बाकी आहे हं! ती फेडायची नाय, असं सांगून गेलीय ती!”

मी हात केला. टेम्पो वळला.

त्यानंतर भाऊ मला दिसले नाहीत. साखर त्यांच्याकडेच आहे.